धागे कापलेला पंख

भाऊजी, गल्लीच्या तोंडाशी तुमचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता. फोटो छान आला होता. पण पोरांनी हौसेने तुमच्या डोक्यावर एक विमानही छापून आणलं होतं, आणि ते होतं प्रवासी विमान, ओळीने खिडक्या असलेलं. मी म्हटलं, "अरे, हे बघितलं तर माणूस उठून भांडायला येईल." तुम्ही ज्या विमानांच्या मागे एवढी वर्षं लागलात, त्यांत प्रवासी कधी बसलेच नाहीत. त्यांत चाचणी घेणारा वैमानिक बसायचा आणि विमानात खोट कुठे आहे ते शोधत फिरायचा. पोरांना यात काही फरक वाटला नाही. "काकी, प्लेन तो प्लेन है ना," असं म्हणून त्यांनी दोऱ्या आवळल्या. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे दिवस उरकेपर्यंत, तुम्ही सुरतेतल्या आपल्या डिंडोलीच्या गल्लीत त्या विमानाखाली हसत उभे होतात, आणि भाजी घेऊन येताना दर वेळी मला वाटायचं, जरा थांबावं आणि तुमच्याबरोबर यावर हसून घ्यावं.

तुमचं गाव, शिक्षण, पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यातली लूम फिटरची नोकरी, हे सगळं बोलणाऱ्यांनी बोलून झालंय. वहिनी म्हणून, आणि मराठी शाळेत जन्मभर फळा पुसलेली बाई म्हणून, लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तुमचे गुण सांगत बसणार नाही. मला तुमच्याशी त्या पत्र्याबद्दल बोलायचंय. उद्या नाशिकचे देवरे तो न्यायला येतायत, आणि आपला वाद अजून मिटलेला नाही.

पण सुरुवात पत्र्यापासून झाली नव्हती. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला हवेचा दाब दाखवणारं मीटर पाहिजे होतं, म्हणून तुम्ही भंगार बाजारात गेलात आणि जे घेऊन आलात त्याचा कॉम्प्रेसरशी काही संबंध नव्हता. गोल काळी तबकडी, मागचा डबा भडक नारिंगी, आणि तबकडीवर कोणीतरी ब्रशने ओढलेली एक लाल रेघ, तीही जराशी वाकडी. शेठ तुमच्यावर चिडला. भंगारवाला परत घेईना. मग ते मीटर घरी आलं, आणि तुम्ही जेवताना ते ताटाशेजारी ठेवून बघत बसलात.

"हाई रेघ कोनी वढी व्हई, वहिनी? आनि काबरं?"

मी म्हटलं, आकृती काढताना एखादी रेघ विसरली की माझ्या वर्गातली पोरं मागाहून अशीच ओढतात. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. पुढे कधीतरी नाशिकचे देवरे भेटले. निवृत्त कारकून, तुमच्यासारखेच वेडे. त्यांनी सांगितलं की नवं लढाऊ विमान सैन्यात जायच्या आधी त्याला पुष्कळ तपासतात, आणि त्या तपासणीपुरती जी जास्तीची उपकरणं बसवतात त्यांना ओळखू यावीत म्हणून बऱ्याचदा नारिंगी रंग देतात. ती रेघ म्हणजे बहुतेक आजची हद्द, आज याच्यापुढे जायचं नाही. आता तुमचं मीटर खरोखर तसल्या विमानातलं होतं, की दुसऱ्याच कशातलं, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण ती रेघ ओढणारा हात कोणाचा असेल, या विचाराने तुम्ही कामाला लागलात.

सीमेवर पराक्रम करून आलेलं विमान तुम्हाला नको असायचं. तुम्हाला हवं असायचं परीक्षेला बसलेलं. त्यातही जे नापास झालं, ज्याचं पुढे काही झालं नाही, एकदोनच बनली आणि मग भंगारात गेली, असलं कळलं की तुमचे डोळे चमकायचे. मी चिडवायचे, "भाऊजी, बारावीला तुमची गाडी अडकली म्हणून ही ओढ का?" तुम्ही म्हणायचात, पास झालेल्याकडे सगळेच बघतात. वरच्या खोलीत एकेक वस्तू येत गेली. विमानाच्या नाकापुढे काढलेली असते तसली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची नळी, पापडाच्या डब्यात भरलेले रिव्हेट, आतून हिरवट रंग असलेलं एक झाकण. ते झाकण प्रेशर कुकरचं आहे असं मी कायम म्हणत आले आणि आजही म्हणते. ह्यांनी एकदा त्या नळीवर ओला टॉवेल वाळत घातला, तर तुम्ही सख्ख्या भावाशी अबोला धरलात.

मग पत्रा आला. नाशिककडच्या एका भंगारवाल्याने टेम्पोतून पाठवला, गोणपाटात गुंडाळून. दाराच्या अर्ध्या पल्ल्याएवढा, थोडासा बाक असलेला, विमानाच्या पंखाच्या पाठीवरचा. तुमच्याकडे आलेली सर्वांत मोठी वस्तू. त्यावर मळकट पांढऱ्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले होते, बोटभर लांबीचे, एका टोकाला डिंकाने धरलेले आणि दुसरं टोक मोकळं.

आता हे आपल्या घरात यायला नको होतं. त्या काळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या बायकांना घेऊन पुढच्या खोलीत साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायला बसायच्या. सकाळी टेम्पोवाला मार्केटमधल्या साड्यांचे गठ्ठे टाकून जायचा, संध्याकाळी कापलेल्या साड्या उचलायचा. दिवसभर छोट्या कातरीची कुचकुच. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्याला वळणच पडलं होतं, धागा लोंबताना दिसला की हात जायचा. पाहुणा आला तरी त्याची खुशाली विचारता विचारता आई त्याच्या कॉलरचा धागा कापून मोकळ्या व्हायच्या. तुम्ही त्याच घरात वाढलात. मी शाळेत गेलेली असताना तुम्ही आईची कातर घेऊन बसलात, त्या पत्र्यावरचा एकेक धागा मुळापासून कापलात, वरून रॉकेलचा फडका मारलात, आणि मी चपला काढतेय तोच मला ओढत वर नेलंत.

"दखा वहिनी, कसा चकाचक करी टाका!"

खरंच चकचकीत दिसत होता. मागोमाग आई जिना चढून आल्या, त्यांनी चष्मा लावला, कोपऱ्यात राहून गेलेला एक धागा शोधून काढला आणि तोही कापला. सगळे खूश होतो आपण.

त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होतात. कुठल्यातरी परदेशातलं चाचणीचं विमान, आणि त्याच्या पंखावर पांढरे धागे, ओळीने, एका टोकाला चिकटवलेले. विमान उडालं तसे सगळे धागे मागे झोपले. मग वैमानिकाने नाक वर उचललं, आणि एका बाजूचे धागे भुतासारखे थयथय नाचायला लागले. हवा कुठे पंखाला धरून वाहते आणि कुठे त्याला सोडून देते, ते बघायला लावलेले असतात ते. हवा काही दिसत नाही, म्हणून धागा. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभे राहिलात. तुमचा चेहरा बघून मला वाटलं गावाहून काही वाईट बातमी आली.

"वहिनी, काय करी बसनू मी!"

त्या दिवशी तुम्ही भाकरीला हात लावला नाहीत. नंतर एकदम उठलात, कापलेल्या धाग्यांचं पोतं, ज्यात पत्र्यावरचेही धागे गेले होते, गच्चीवर नेलंत आणि उपडं केलंत. किती साड्यांचे धागे असतील त्यात. जरीचे, गुलाबी, पोपटी, आणि त्यांत पांढरे. मीही शेजारी बसले. "कसा होता तो?" मी विचारलं. "पांढरा." "भाऊजी, पांढरे तर ढीगभर आहेत." "मळका व्हता." "इथे सगळेच मळलेत." तुम्ही एकेक धागा उन्हाकडे धरून बघत होतात, बोटांत चोळत होतात, हुंगतसुद्धा होतात. आई वर येऊन म्हणाल्या, "येवढा का रडस? दोराच व्हता ना?" तेव्हा मला कळलं की तुम्ही रडताय. संध्याकाळी पोतं परत भरलं. टेम्पोवाल्याने ते नेहमीसारखं नेलं.

तिथून आपला वाद सुरू झाला. पत्र्यावर डिंकाचे पिवळट ठिपके राहिले होते, रॉकेलनेही न गेलेले, ओळीने. मी म्हटलं, जागा दिसतायत, नवे धागे लावून टाकू. सुरतेत राहून माणूस धाग्यावाचून अडला असं कोणी ऐकलंय का! तुम्ही म्हणालात, "मंग तो विमानना राहाव नही, वहिनी. आपला व्हई जाई." मी म्हटलं, होऊ दे की आपला, तो उडताना कसा होता ते तरी दिसेल. तुम्ही म्हणालात, खोटं दिसेल. मी म्हटलं, तुमच्या कारखान्यात दिवसभर मागावर हवेच्या झोताने धागा पळवता, तिथे चालतं आणि इथे विटाळ होतो? ह्यावर तुम्ही ताट उचलून मोरीत ठेवलंत आणि वर निघून गेलात.

दर दिवाळीला वरची खोली झाडताना हाच वाद. मी तुम्हाला आडमुठे म्हटलं, तुम्ही मला मास्तरीण म्हणालात, जणू ती शिवी आहे. मनात होतं ते मात्र मी तुम्हाला तोंडावर म्हटलं नाही. तुम्ही त्या पत्र्याचं अस्सलपण राखत नव्हतात, भाऊजी. तुम्ही स्वतःला शिक्षा देत होतात. येताजाता तो उघडा पत्रा दिसावा आणि टोचत राहावा, म्हणूनच तुम्ही तो खाटेसमोर उभा केला होता. तुम्हाला या जगात एकच गोष्ट बघायची होती, हवा पंखावरून जाताना कशी वळते, आणि तीच तुम्ही स्वतःला बघू देत नव्हतात. याचा मला राग यायचा. अजून येतो.

आणि तरी मी तुमची देणेकरी आहे. शाळा सुटल्यावर, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर, मला घरात काय करावं ते सुचेना. दुपारी उगाच जुनी पाठ्यपुस्तकं काढून बसायचे. तुम्ही एका सुट्टीला म्हणालात, चला, नाशिकला जाऊन येऊ, देवरे वाट बघतायत. बसमध्ये दशम्या आणि ठेचा खात आपण सापुताऱ्याचा घाट चढलो. भंगाराच्या त्या आवारात मालकाने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि तुम्हाला विचारलं, "भाभी भी प्लेन का शौक रखती है क्या?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "भाभी को ही तो शौक है, मैं तो थैली उठाने आया हूँ." घरी येईपर्यंत मी तुमच्यावर चिडले होते, पण पुढच्या खेपेला पहिली तयार होऊन बसले. मुलांना चाळीस वर्षं... नाही, आकडा नको, तुम्ही लगेच हिशोब करून चूक काढाल. जन्मभर मुलांना उत्तरं दिली मी. एखाद्या वस्तूकडे उत्तर माहीत नसताना बघत बसायचं असतं, आणि त्यात मजा असते, हे तुमच्यामुळे उतारवयात कळलं. आता मला रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणावरची नक्षीसुद्धा अशी का, असा प्रश्न पडतो. ह्यांना वाटतं मला वेड लागलंय.

हॉस्पिटलात तुमच्या नाकात नळी होती. मी कापसाने ओठ ओले करत होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "त्या पत्रानं काय करानं ते तुमीच ठरावा." मी म्हटलं, आधी घरी चला, मग भांडू. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. भाऊजी, मला एवढंच विचारायचं होतं की तुम्ही हरलात म्हणून तसं म्हणालात, की दमलात म्हणून? की शेवटी तुम्हालाही वाटायला लागलं होतं की बघावं? मी विचारायला दुसऱ्या दिवसाची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे होतात.

गंधमुक्तीला देवरे आले. जेवण झाल्यावर वर गेले आणि बराच वेळ एकटे बसले. खाली येऊन म्हणाले, "ताई, त्यांच्या सगळ्या वस्तू मी नीट सांभाळेन. एका शाळेत खोली मिळतेय, तिथे मांडू. पत्रा मात्र आहे तसाच राहू द्या. नवे धागे लावलेत तर तो सजावटीचा पत्रा होईल, मग मी कुठल्या तोंडाने सांगू की हा चाचणीच्या विमानाचा आहे म्हणून?" अगदी तुमचाच सूर. मी म्हटलं, मला विचार करू द्या. ते म्हणाले, रविवारी येतो, तोवर ठरवा.

आठवडाभर मी त्या पत्र्यासमोर बसले. तुमच्या बाजूने विचार करून बघितला. वाटलं, माणूस गेल्यावर तरी त्याचा हट्ट राखावा, लोक तेच करतात. पण मग वाटलं, ठरवा असं तुम्ही मला म्हणालात, देवऱ्यांना नाही. आणि आपल्या दोघांत माझं मत काय आहे ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. ज्याला उघडा पत्रा हवा असेल तो मला ठरवायला सांगेल कशाला? हे मी स्वतःच्या सोयीचं बोलतेय, मला कळतंय. तुम्ही असतात तर लगेच पकडलं असतंत.

आज दुपारी मी लावले. आधी घरातलं पॉलिस्टर घेतलं, पण कापलं की त्याची टोकं उसवायची आणि कुरळी होऊन बसायची. मग नातवाच्या जुन्या टोपीची लोकर उसवली. डिंक वापरला नाही. कागदी चिकटपट्टीने लावले, देवऱ्यांना सलत असेल तर त्यांनी खुशाल काढावेत, पत्र्याला ओरखडासुद्धा येणार नाही. प्रत्येक धागा जुन्या पिवळ्या ठिपक्यावरच लावला. कोणीतरी फार पूर्वी, उड्डाणाच्या आधी, असंच ओणवं होऊन एकेक धागा लावला असेल. त्याची कंबर माझ्यासारखीच धरली असेल का, असा विचार मनात येत होता. हे काम करताना माझा हात दोनदा कातरीकडे गेला, लांबी सारखी करायला. मी कातर खाली स्वयंपाकघरात ठेवून आले.

ऊन उतरल्यावर ह्यांनी आणि मी पत्रा गच्चीवर नेला. ह्यांनी खालचा मोठा उभा पंखा वर आणला. तुम्ही गेल्यापासून हे फारसं बोलत नाहीत, मी सांगेन ते करतात. मी पत्रा दोन विटांवर टेकवला, ह्यांनी पंखा सुरू केला.

भाऊजी, सगळे धागे एकदम मागे वळले. मग ह्यांनी पत्र्याचं पुढचं टोक हळूहळू वर उचललं, तुम्ही व्हिडिओत दाखवलं होतं तसं, आणि मागच्या ओळी थरथरायला लागल्या, मग नाचायला लागल्या. हवा पत्रा सोडून जात होती आणि ती जागा आम्हाला दिसत होती, बोट ठेवता येईल इतकी स्पष्ट. खाली केला की धागे झोपायचे, वर केला की उठायचे. मी लहान पोरासारखी "परत करा, परत करा" म्हणत होते. तुम्ही एकदा हट्ट सोडला असतात तर हे तुम्हाला बघता आलं असतं. एवढी वर्षं ते तुमच्या खाटेसमोर होतं. मला खूप रडू आलं, आणि रडतानाही माझं लक्ष धाग्यांवरच होतं.

पत्रा सपाट ठेवला असताना एक धागा मात्र बाकीच्यांबरोबर जात नाही. डावीकडच्या कडेजवळचा आहे, तो पुढे वळतो, पंख्याच्या दिशेने, वाऱ्याच्या विरुद्ध. मी तो काढून दुसरा लावला, तोही तसाच वळला. पत्रा उलटा फिरवून बघितला, पंखा लांब नेऊन बघितला. हाताने चाचपलं, तिथे ना पोचा ना उंचवटा. ह्यांनी गुडघ्यावर बसून डोळा पत्र्याला लावला.

"हाऊ एकच काबरं उलटा फिरी राहिना?" ते म्हणाले, आणि मान जिन्याकडे वळवून त्यांनी मोठ्याने तुम्हाला हाक मारली, "मधू, वर ये बरं जरा!"

मग त्यांच्या लक्षात आलं. मी पंखा बंद केला नाही, आम्ही तिथेच बसून राहिलो. देवरे उद्या सकाळी येतील आणि रागावतील, त्यांना मी बघून घेईन. पण त्या धाग्याचं काय ते मला कोण सांगणार, भाऊजी? मला खरंच जाणून घ्यायचंय.